मंगोलियाचा उजवा

अजनीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमागचा हॉल,
पत्र्याचं छप्पर, मे महिना, सेहेचाळीस अंश,
आणि आत मी कझाकस्तान.

पिल्ले सर नावानं हाक मारत नसत.
"ए कझाक, उजवा पाय पुढे घे.
डावखुरी आहे ती."
मी डावखुरी झाली.
आठ दिवस पोहेसुद्धा डाव्या हातानं खाल्ले,
तर्री कुर्त्यावर सांडली.
आई म्हणे, काय करून राहिली ही पोट्टी?

पुढच्या महिन्यात तुर्कस्तान.
तुर्कस्तान उंच होतं,
म्हणून मी टाचा उचलून लढली.
रात्री पोटऱ्या अशा भरून यायच्या की
पाचपावलीच्या पुलावर सायकल हातानं ढकलायची.
फिलिपिन्स बुटकं, सरळ पोटात शिरायचं.
रशिया मागे मागे जायचं, मग एकदम यायचं.
सगळ्या मुली मी सरांच्या तडकलेल्या मोबाइलवर पाहिल्या,
अंगठ्यानं थांबवून, मागे नेऊन,
ठोशाच्या आधी खांदा किती हलते ते मोजून.
माझ्याकडे पासपोर्ट नव्हता.

यामिनी बारापात्रे, अठ्ठेचाळीस किलो.
तिचा डावा हूक जगात सगळ्यात आधी कुणाला लागला असेल
तर माझ्या बरगडीला.
पेपरात ते आलं नाही.
पेपरात आलं, नागपूरच्या कन्येला कांस्य.
फोटोत तिच्या भुवईवर जी खूण दिसते
ती माझी.
दसऱ्याच्या आदल्या दिवशीची.
दीक्षाभूमीकडचे सगळे रस्ते माणसांनी भरलेले,
टाके घालायला डॉक्टर मिळेना,
आणि ही रुमाल दाबून हसत होती,
"छबे, हे तुर्कस्तानचं की तुझं?"

उलानबातरला वजन दोनशे ग्रॅम जास्त भरलं.
रात्रभर रेनकोट घालून बाथरूममध्ये दोरीवरच्या उड्या,
तोंडात लवंग, हातात बाटली, बाटलीत थुंकी.
सकाळी काट्यावर सत्तेचाळीस नऊशे.
फोनवर म्हणाली,
इथं पाण्याचं स्वप्न पडते बे.

उपांत्य फेरीत समोर त्यांचीच मुलगी.
आम्ही दोन महिने मंगोलिया केलं होतं.
मी टॉवरजवळच्या गच्चीवर चढून पाहत होती,
चित्र अडकत, सुटत.
तिसऱ्या फेरीत त्या पोरीनं डावा खाली सोडला
आणि खालून उजवा काढला.
तसा उजवा मी यामिनीला एकदाही मारला नव्हता.
व्हिडिओत तो नव्हताच.
चित्र अडकलं.
यामिनीची मान मागे, तशीच,
खाली भंगारवाल्याची हाक येऊन गेली तरी तशीच.
मग एकदम निकाल. तीन-दोन.
दोन पंचांना ती आवडली होती.

परत आल्यावर मी म्हटलं, तो उजवा माझ्याकडून राहिला.
चूप, म्हणाली.
सावजीच्या खानावळीत दोन वाट्या रस्सा प्यायली, वरून तिसरी.
डोळे वाहत होते. तिखटच होता रस्सा.

आता काळा कोट घालून ती गाड्यांमध्ये तिकिटं तपासते.
मी कळमन्याला मिरचीच्या काट्यावर बसते.
पोतं उचलताच मला कळते किती भरेल.

पण शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं.
सर किल्ली देऊन निघून गेले होते.
ती म्हणाली, आज कुणी होऊ नको.
तुझ्यासारखी लढ.

मी उभी राहिली.
कोणता पाय पुढे, आठवेना.
छपरावर कबुतरं चालत होती,
पत्रा वाजत होता,
ती हात खाली सोडून थांबली,
घाई नव्हती तिला, पहिल्यांदाच.

मग मी मारला एक.
कोणत्या हातानं, ते तिला विचारा.