दुसरा स्लॉट

शुक्रवारी म्हापशाला माझा जिना चढायला वाट नसते.
खाली चोरिसांच्या माळा, सुक्या बांगड्यांच्या टोपल्या,
त्यांतून वल्लभ वर आला
टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप छातीशी धरून,
आजारी कोंबडी आणावी तसा.

‘घेतला नाही अजून. आधी तुम्हाला दाखवतो म्हटलं.’
फिलोमेनाबाय अठ्ठावीस मागते आहे.
मुलगा लिस्बनला गेला, चार्जरसकट ठेवून.
पणजीत वापरलेला, म्हणाली. फक्त अभ्यासाला.

मी झाकणावरचं लाल चिन्ह पाहिलं,
मग डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळा,
अक्षरं पुसून गुळगुळीत झालेल्या.
बराच अभ्यास केलेला दिसतो.

पालथा घातला. अकरा स्क्रू असायला हवेत, दहा निघाले.
डावी बिजागरी करकरते, वर्षभर काढेल,
एका हाताने उघडू नकोस म्हणजे झालं.
बॅटरी फुगलेली नाही, नुसती दमलेली.
खेळायला बसशील तर प्लग सोडू नकोस.
रंग फिके आहेत रे पडद्याचे.
कळंगुटचा समुद्रही यात
धुऊन धुऊन विटलेल्या लुंगीसारखा दिसेल.

ग्राफिक्स चार जीबीचं.
बोर्डालाच डाखलेलं. ते मी काय,
बनवणारा आला तरी बदलणार नाही.
दोन वर्षांनी नवा गेम आला
की हा घामाघूम होणार, हे आत्ताच ऐकून ठेव.

पण हे बघ इकडे.
आठ जीबीची एकच पट्टी, आणि शेजारचा स्लॉट रिकामा.
कारखान्यातली पातळ फीत अजून तशीच आहे वर,
पाच वर्षांत कुणी नखही लावलेलं नाही.
इथे आणखी आठ. जुनी चालेल, माझ्याकडे आहे.
खाली दुसऱ्या एसएसडीची जागा, तीही मोकळी.
ती पुढच्या मोसमात कर. घाई नाही.

मग पंखा काढला.
धूळ, पापडासारखी थापून बसलेली. तांबडी.

मी चोवीस वर्षं यंत्रांच्या पोटातली धूळ पाहतोय.
किनाऱ्यावरची यंत्रं आतून हिरवी पडतात, खाऱ्या वाऱ्याने.
पणजीची धूळ करडी, कापसासारखी.
ही पणजीची नव्हे.

वल्लभने चिमटीत घेतली.
‘ही आमच्या डिचोलीची,’ म्हणाला,
आणि मला वाटलं, आता भाव पाडायला मुद्दा मिळाला.

त्याला ठाऊक होतं.
खाणीच्या वजनकाट्यावर रात्रपाळीला सावियो असायचा.
बाबा ट्रक काट्यावर चढवायचे,
हा खाली उतरून केबिनच्या काचेला नाक लावायचा.
आत अंधार, आणि कळांचा लाल उजेड
सावियोच्या हनुवटीवर.
एकदा त्याने दार उघडून विचारलं होतं, ‘येता मरे?’
तेवढ्यात बाबांनी हॉर्न दिला.

मग ट्रक थांबले. काटा गंजला.

मी बिलबुकाच्या पाठीवर लिहिलेलं खोडलं,
पुन्हा लिहिलं.
वस्तू वीसची आहे. एकवीसच्या वर एक रुपया नाही.
भाटातल्या काजूंचे दोन मोसम, त्याच्याकडे एकोणीस जमलेत.
‘धुळीबद्दल बोलू नकोस बायला,’ मी म्हणालो,
‘बिजागरी करकरते तेवढं सांग.
वाटल्यास तिच्यासमोर उघडून दाखव.
पट्टीचे पैसे मागाहून दे.’

खिडकीत धरून ब्लोअर मारला.
तांबडा लोट उठला, वाकडा होत
खालच्या उश्यांच्या गाडीवर उतरला.
कुणीतरी माझ्या सात पिढ्या काढल्या, अस्सल बार्देशी कोकणीत.

नवी पेस्ट, दहा स्क्रू,
अकरावा माझ्या डब्यातला, रंगाने जरा वेगळा.
बटण दाबलं.
कळा पेटल्या असाव्यात. भर दुपारी काय दिसणार?
वल्लभ वाकला
आणि कीबोर्डावर दोन्ही तळव्यांची
सावली धरून बघत राहिला.