कॉक बंद

येझदीखालच्या फरशीवर पुन्हा तोच डाग,
बशीएवढा, कडेला निळसर.
तळमजल्याच्या आहेरकाकू म्हणाल्या,
"देवापुढं काडी ओढायची भीती वाटते गं."
मग एका रविवारी गाडी नेली
सारडा सर्कलच्या मागं, मुनीर मिस्त्रींकडं.

त्यांनी वाटी उघडली, फ्लोट काढला,
कानाशी हलवला. आत पेट्रोल नव्हतं.
मग सुई. भाताच्या शितापेक्षा जरा मोठी.
"डोळ्यानं नाही, नखानं बघ."
टोकाशी बारीक वळ लागला,
अंगठी काढल्यावर बोटावर राहतो तसा.
"चाळीस वर्षं एकाच जागी बसत आली.
आताही बसते. पण मिटत नाही."

पप्पा सातपूरला नोझल तपासायचे.
दोन मायक्रॉन इकडंतिकडं झालं
की माल लाल पेटीत.
जेवताना आकडा सांगायचे, आज किती गेले लाल पेटीत,
आणि खाली त्यांचीच गाडी ठिबकत असायची.
विचारलं तर, "ती कुठं कंपनीची आहे?"

त्यांची युक्ती निराळी.
घरी येताना पिठाच्या गिरणीपाशी
डावा हात खाली घालून कॉक बंद.
पुढचं सगळं वाटीतल्या पेट्रोलवर:
रेशनचं दुकान, शाळेची भिंत, पाण्याची टाकी,
आणि बरोबर आमच्या जिन्यापाशी
दोनदा खोकून गाडी गप्प.
मागं बसून मला वाटायचं,
हिला घर कळतं.

मुनीर मिस्त्रींनी सुई बदलली, सीटही बदलली.
जुनी सुई माझ्या तळहातावर ठेवली.
सुट्टे घेताना कुठंतरी पडली,
शोधली, सापडली नाही.

परतताना गिरणी आली. हात आपोआप खाली गेला.
रेशनचं दुकान. शाळेची भिंत.
टाकीपाशीच बसली.
चार किका मारल्या. नाही.
ओढणी कमरेला बांधून
दोन बिल्डिंगा ढकलत आणली.

पप्पा गॅलरीत. खुर्चीतून उठायला
आता कुणीतरी लागतं, कान मात्र शाबूत.
"टाकीपाशी ना?" वरूनच ओरडले.
"आधी वाटी काठोकाठ भरायची, म्हणून पोचायची.
आता लेव्हल बरोबर आली."

मी स्टँड लावला. फरशी कोरडी.

"उद्यापासून," ते म्हणाले,
"गिरणीच्या पुढं दोन दुकानं जाऊ दे,
मग बंद कर."