जायची ती राहिली

आधी अंगठा गेला. मग त्याच्या शेजारची दोन,
मग अनामिका, पण अर्धीच:
करंगळीकडची कड माझी, अलीकडची कुणा परक्याची.
रात्री तीनला उठून हात झटकायचा,
कुंडातून काढलेलं कातडं झटकावं तसा.

सुभाषनगरात सगळ्यांनाच ठाऊक होतं, कशानं ते.
तीस वर्षं चपलेच्या वेण्या घालतीस, मालन,
मनगट काय लोखंडाचं हाय?
मलाही पटलं.
शुगर बघितली, थायरॉइड बघितलं,
पट्टा बांधला, मनगटात सुई घेतली.
वेणी सैल पडत गेली.
पापाच्या तिकटीवरच्या दुकानदारानं
बारा जोड परत धाडले, चिठ्ठीसुद्धा न लिहिता.

मग हुल्याळकर डॉक्टरीणबाईंनी
मनगटाला गार जेली लावून यंत्र फिरवलं
आणि खोलीत आवाज आला,
हुश्श, हुश्श, हुश्श,
भात्यासारखा.
"ही बहुतेकांना नसते हो," त्या म्हणाल्या.
"आईच्या पोटात हाताला रक्त पुरवणारी धमनी.
बाजूच्या दोघी मोठ्या झाल्या की हिनं जायचं असतं.
तुमची राहिली."
त्या एवढ्याशा बोळात, नसेला खेटून,
छप्पन्न वर्षं.

"मग तोडा की."
"तोडून कसं चालेल? तिच्यावर दोन बोटं जगत असतील.
वरचं छप्पर तेवढं उघडते."

टेबलावर पडल्या पडल्या आमची खोली आठवली,
दहा बाय बारा,
आणि गजराबाई, माझी नणंद,
बाळंतपणाला म्हणून आलेली, सव्वा महिन्यासाठी.
त्या बाळाचं गेल्या वैशाखात लग्न झालं.
तिच्या लेकाकडं जाणाऱ्या गडहिंग्लजच्या गाड्या
मला तोंडपाठ होत्या.
सांगायचं धाडस तेवढं जमवत होते.

टाके निघाले. मुठीत जोर यायला अजून दोन महिने म्हणे.
माझ्या पाटावर बसून गजराबाई वेण्या घालते,
अशा सैल की मधून उंदीर जाईल.
दुपारी तिचा डोळा लागला की मी त्या उसवते
आणि पुन्हा घालते,
डाव्यानं जास्त, उजव्यानं जमेल तेवढं.

काल आरी टोचली. तर्जनीत.
लाल थेंब, आणि कळ,
कळ पार कोपरापर्यंत.
"काय झालं गं?" ती झोपेतूनच.
"काय न्हाई," म्हटलं. "दुखलं."
आणि हळूच
मधल्या बोटाला पण टोचून बघितलं.