तेल

दुभाषीचं काम म्हणजे नळाचं काम.
इकडचं तिकडे सोडायचं,
आपली चव लागू न देता.

फिनिश मी लग्नामुळे शिकले.
नवरा गेला, भाषा राहिली,
तिच्यावर घरभाडं निघतं.

तीन दिवसांसाठी मला लावलं होतं
इर्मेली हापानिएमीने. टाम्पेरेची.
लिफ्टच्या कंपनीत
पुढच्या दहा वर्षांचा विचार करायचं खातं तिच्याकडे.
मोन्तेविदेओत ऑगस्ट, म्हणजे कडाक्याची थंडी,
समुद्राएवढी नदी, दुधाच्या चहासारखी गढूळ.

टॅक्सीत तिने न विचारताच सांगितलं :
लिफ्ट आम्ही जवळजवळ तोट्यात विकतो.
कमाई नंतर असते.
तीस वर्षं, दरमहा, देखभालीच्या करारात.
आता अर्ध्या दरात करणारे आलेत,
सगळ्या देशांत करार गळतायत,
फक्त तुमच्या शहरात नाही.
शंभरातल्या सत्त्याण्णव इमारती आमच्याकडेच.
तक्त्यात एकच हिरवा चौकोन.
तिला वाटत होतं, कुठेतरी पाणी मुरतंय.

पाणी म्हणजे वॉशिंग्टन एचेव्हेरी, वय एकसष्ट.
(आमच्याकडे अशी नावं ठेवतात,
त्यात राजकारण काही नाही.)
अकराव्या मजल्यावर, गच्चीतल्या खोलीत
त्याने मोटारीला कान लावला,
वैद्य नाडी धरतो तसा,
आणि आम्हाला गप्प बसायची खूण केली.
मग सहाव्या मजल्यावर थांबला.
नेलिदाबाईंची बटाट्यांची पिशवी आत ठेवली,
त्यांच्या माते चहाचे दोन घोट घेतले,
मुलाचं पत्र आलं का विचारलं.
नव्हतं आलं.
हे सगळं कंपनीच्या वेळात.

इर्मेलीने घड्याळ पाहिलं नाही,
हे मी तिच्या बाजूने नोंदवून ठेवते.

खाली आल्यावर तिने विचारलं :
ग्राहक तुमच्याकडेच का राहतात?

त्याने फडक्याला हात पुसले, बराच वेळ.
म्हणाला, इमारतीची सभा भरते,
कोणीतरी अर्ध्या दराचा कागद काढतं,
सगळ्यांना पटतो.
मग नेलिदाबाई विचारतात, आणि वॉशिंग्टन?
की कागद परत खिशात.
पुढे माझ्याकडे वळून, आवाज उतरवून :
पोरी, हे त्यांना सांगू नकोस.
सांगितलंस तर याचाही फॉर्म येईल.

आणि नळाने, एकवीस वर्षांत एकदाच,
पाणी अडवलं.

मी म्हटलं : ते सांगतायत,
डोळ्यात तेल घालून काम करतो,
आणि लिफ्टमध्येही. वेळच्या वेळी.

तिने वहीत एकच शब्द लिहिला.
खाली दोन रेघा ओढल्या.

दीड वर्षाने जगभरच्या गोदामांत
निळे डबे पोचले.
नवं तेल, नवं वेळापत्रक, दर अकराव्या दिवशी,
नाव 'मोन्तेविदेओ पद्धत'.
डब्यावर आमच्या बंदराचं छोटं चित्र.
वॉशिंग्टनने तो मला आणून दाखवला,
इतका हसला की खोकला लागला.
सहा महिन्यांत अर्ध्या दरवाल्यांचंही तेल आलं,
त्यांचा डबा हिरवा.

आकडे थोडे सुधारले म्हणतात.
तेल वाईट नव्हतंच.

वॉशिंग्टन मार्चमध्ये निवृत्त झाला.
नवा मुलगा चांगला आहे, वेळेवर येतो,
कानात गाणी लावून तेल घालतो.
नेलिदाबाई मुलाकडे गेल्या, बार्सेलोनाला,
की मुलानेच नेलं, नीट कळलं नाही.

मागच्या गुरुवारी त्या इमारतीत सभा झाली.
अर्ध्या दराचा कागद निघाला.
कोणी काहीच विचारलं नाही,
हे दारवानाने सांगितलं.
मी कोणालाही भाषांतर करून दिलं नाही.

कधी वाटतं, इर्मेलीला खरं सांगायला हवं होतं.
फॉर्म आला असता. त्यात रकाना असता :
'मुलाचं पत्र आलं का?' होय / नाही.
आणि त्या मुलाला
कानातलं काढून
निदान विचारावं तरी लागलं असतं.