तारीख पुढे गेली त्या दिवशी

साडेअकराला शिपायाने दारातूनच सांगितलं,
पुढची तारीख सव्वीस.
परतीची गाडी रात्री नऊला.
मधे हा एवढा मोठा दिवस,
हातात कागदांची पिशवी
आणि थंडीने बधिर बोटं.
आमच्याकडे जानेवारीतही पंखा लागतो.

मी वीस वर्षं फेरीबोटीवर तिकिटं फाडते.
माणूस, सायकल, टेम्पो, कधी म्हैस.
या काठावरून त्या काठावर,
त्या काठावरून या.
गेले मात्र कुठेच नाही.

गावात पत्ता विचारला तर म्हणतात,
समुद्राकडे तोंड कर,
मग डावं-उजवं सांगतो.
इथे कोर्टाच्या फाटकाशी
चारी दिशांना तोंड करून पाहिलं.
वारा कुठूनच खारट येईना.
रसवाल्याला विचारलं, पाणी कुठल्या बाजूला?
त्याने आधी माठाकडे बोट दाखवलं.
मग उमजून म्हणाला, गंगेवर जायचंय होय?
उतरत जा. उतार सोडू नका.

नाही सोडला.
शालिमार, मेन रोड, भांडीबाजार,
बोळ जिकडे कलेल तिकडे मी.
एका ठिकाणी तांब्याचे हंडे ठोकत होते,
एकाचा ठोका विरायच्या आत दुसऱ्याचा.
मोजायला लागले, सवय.
दोनशे बाराला म्हातारा तांबट वर न बघता म्हणाला,
घ्यायचं नसेल तर उन्हात तरी बसा, बाई,
कुडकुडताय.
बसले.
नवी चप्पल चावत होती, ती काढून ठेवली.

नदी दिसली तेव्हा वाटलं, ओहोटी आहे.
थांबू, भरेल.
तासाभराने पाहिलं तर तेवढीच.
फुलवाली सुमनबाई हसली.
तो दुतोंड्या मारुती बघा, म्हणाली,
पाणी त्याच्या कमरेला आलं की दुकान उचलायचं,
गळ्याशी आलं की गल्ली.
आमची भरती दिवसातून दोनदा येते, मी म्हटलं.
अगं बाई, मग धंदा कधी करता?

पुलावरून पलीकडे गेले.
कुणी तिकीट मागितलं नाही.
परत आले. पुन्हा गेले.
खालच्या पुलावरून परत.
सात वेळा ओलांडली गोदावरी, फुकट,
आणि दर वेळी उजवा हात
कमरेच्या नसलेल्या पिशवीकडे गेला.

रामकुंडाच्या पायरीवर एक पोरगा
दोरीला लोहचुंबक बांधून पाणी चाळत होता.
कार्तिक. सहावी नापास, स्वतःच म्हणाला.
रुपया-दोन चिकटून येतात,
पाचाचं पिवळं येत नाही,
त्याला बुडी लागते.
मी मुद्दाम पाचाचं टाकलं.
तो हलला नाही.
थंडी आहे, म्हणाला,
जागा बघून ठेवलीय,
उन्हाळ्यात काढीन.

शेजारी मुंडण केलेला एक तरुण
राख सोडून तसाच उभा होता,
पाण्यात घोट्यापर्यंत,
भटजी हाका मारत होते तरी.
राख पुलाखालून निघाली.
कुठे जाईल?
शाळेत शिकले होते, विसरले होते.
ही निघते आमच्याच घाटमाथ्यावर,
आमच्या समुद्राच्या हाकेवर,
आणि लगेच पाठ फिरवते.
अर्धा देश चालते,
एकटीच,
परक्या समुद्रापर्यंत.
मला राग येईल असं वाटलं.
मी पाय पाण्यात सोडून बसले,
चप्पल चावलेली जागा झोंबली,
मग झोंबायची थांबली.

दिवे लागले. पाव किलो द्राक्षं घेतली,
आंबट निघाली, सगळी खाल्ली.
स्थानकाकडे जाताना रस्ता चढणीचा होता,
हे सकाळी कुणी सांगितलं नव्हतं.

गाडीत वकिलांचा फोन आला,
काळजी करू नका, सव्वीसला नक्की निकाल लावू.
हो म्हटलं.
सव्वीसला जुनी चप्पल घालून येईन.
जज्जसाहेब रजेवर असावेत.