खालचा उजेड

जुन्या पी. बी. रोडला दस्तगीरचं दुकान.
शटर निम्म्यावर अडकलंय गेल्या बकरीदपासून,
आत जायचं तर वाकून.
वाकले.
म्हटलं, सँट्रोच्या खालच्या दोन दिव्यांना मोतीबिंदू झालाय.
त्यानं बाहेर येऊन गुडघे टेकले, अंगठा फिरवला काचेवरून,
"मोतीबिंदू न्हवं, सिस्टर. मोतीबिंदू आतनं येतोय,
तुमास्नी ठाऊक. हे भायेरनं खाल्लंय, उन्हानं."

एकोणीस वर्षांची गाडी.
त्यातली नऊ माझ्याकडं, कणकुंबीच्या दवाखान्यात
पहाटेच्या पाळीला जाणारी.
जांबोटी सोडलं की पुढं रस्ता आहे
यावर विश्वास ठेवायचा, एवढंच.
हेडलाइट लावला की धुकं उलट माझ्याच तोंडावर येतं,
चुना फासलेली भिंत, आणि भिंतीमागं कुठंतरी
पारवाडची दुधाची गाडी, हॉर्न दाबून धरलेली.

मल्लेशनं बंपर खाली घेतला.
स्क्रू गंजून एकजीव. त्यावर रॉकेल, मग शिवी, कन्नडमधून,
मग पुन्हा रॉकेल.
उजवा दिवा उघडला तर आत
चमचाभर पाणी, लाल माती,
आणि राखेच्या रंगाचा एक पतंग, पंख शाबूत.
दस्तगीरनं तो फुंकला नाही.
चिमटीनं उचलून बिलबुकावर ठेवला.

सहाशेचा पॉलिश पेपर, मग हजारचा, मग दोन हजारचा,
पाण्यात बुडवून, एकाच दिशेनं.
पांढरं दूध निघत राहिलं प्लास्टिकमधून.
सुरुवातीला वाटतं, बिघडवतोय हा,
होतं त्याहून आंधळं करून ठेवणार.
जखम धुताना पेशंट असाच बघतो माझ्याकडं.
मी गप्प बसले.

नवे एलईडी दाखवले त्यानं, पांढरेफेक,
निपाणीचे ट्रकवाले हेच नेतात म्हणे.
मग स्वतःच डबा बंद केला:
"धुक्यात पांढरा म्हंजे ताकात दूध ओतल्यागत. पिवळाच घ्या."
रिले नवा. वायर उंदरानं कुरतडलेली, तीही नवी.
आतला चांदीचा मुलामा मात्र उडालाय उजवीकडचा,
"ते काय माझ्या हातात न्हाई.
डावा बघंल, उजवा सोबत करंल."
वरून लॅकरचा हात दिला, टेबलफॅन लावला.
"स्वल्प थांबा."
स्वल्प म्हणजे पाऊण तास. चहा दोनदा.
साडेआठशे झाले. पाचशे घेतले,
उरलेले, म्हणाला, आईचं बीपी बघाल तवा.

सोमवारी, पहाटे पाच चाळीस.
हेडलाइट बंद केला. करताना हात अडला जरा.
खालचे दोन लावले.
धुकं रस्त्याला टेकत नाही,
हे नऊ वर्षांत मला ठाऊक नव्हतं.
गुडघाभर जागा मोकळी सोडतं,
आणि तेवढ्यातून तो पिवळा उजेड सरपटत जातो:
कडेची पट्टी, ओला पाचोळा, कुणाची तरी एक चप्पल,
दहा-बारा पावलं. पुढचं पुढं.
गावाच्या पाटीचा फक्त खांब दिसला.
वर नाव कुठल्या लिपीत, की पुन्हा डांबर फासलंय कुणी,
बघायची गरज पडली नाही. वळण मला पाठ आहे.

आणि वळणावर चार पांढरे मोजे.
फक्त मोजे. मधोमध उभे.
वरचा गवा अख्खा धुक्यात,
टनभर वजन, तेही श्वासावरून ओळखायचं.
इंजिन बंद केलं, दिवे तसेच ठेवले.
एक मोजा उचलला गेला, परत खाली आला.
किती वेळ, सांगता येणार नाही.
मग एकेक करून ते डावीकडच्या कारवीत गेले.

उजवा दिवा थोडा थरथरतोय.
ब्रॅकेटचा स्क्रू मल्लेशनं घट्ट केला नसणार.
शनिवारी पुन्हा वाकून जायला हवं,
बीपीचं मशीन घेऊन.