पंचवीसचा कट्टा

सिव्हिलमधल्या अल्फियानं
घड्याळ हातात धरून म्हटलं,
मामा, हात छातीशी बांधा
आणि खुर्चीवरून पाच वेळा उठा.
हे उठले. छत्तीस सेकंद.
मग तिनं मांडी दाबून पाहिली,
तळहातावर पाय रेटायला लावला,
म्हणाली, बळ कमी झालंय मावशी,
गेलेलं नाही.
आणि वहीत काहीतरी लिहिलं.

बळ.
पस्तीस वर्षं दोन मागांच्या मधल्या फटीत
आडवं वळून उभा राहिलेला माणूस.
भरलेल्या बीमची एक बाजू
एकटा उचलायचा, दुसऱ्या बाजूला दोघं लागायचे.
तोच आता आपल्याच घराच्या दाराशी येतो
आणि पाय फरशीला धरून बसतात.
छाती पुढं निघालेली,
टाचा मागंच.
मोकळ्या मैदानात चालतात बरं का,
चौकट आली की थांबतात.
फटीत जन्म काढला
आणि फटीलाच बिचकतात.

मी म्हटलं, व्यायाम माझ्याकडं द्या.
मला मोजता येतं.
पंचवीसचा एक कट्टा,
चाळीस कट्ट्यांचे हजार,
पेरांवर हिशेब ठेवून
दोन पोरींची लग्नं काढलीत.
कारखान्यात चेकर माझ्या विड्यांतून छाट काढायचा,
आता मी काढते.
अर्धवट उठलात, ही छाट.
हात टेकलात, ही पण छाट.
हे चिडून तेलुगूत शिवी घालतात,
पण आवाजच इतका बारीक झालाय
की शिवीचंही पुटपुटणं होतं.
मी पानं कापत राहते. अठरा. एकोणीस.

घोट्यांना पिशव्या बांधल्या,
पाव किलो तांदळाच्या, मग अर्ध्या किलोच्या.
चादरीच्या लाल काठाच्या चिंध्या
फरशीवर आडव्या चिकटवल्या, पावलापावलावर.
चिंधी आडवी आली की पाय उचलतो,
वाट साफ असली की अडतो.
ह्याला काय म्हणायचं?
दिवाळीला अल्फियाचं घड्याळ एकवीसवर आलं.
मांडी हाताला पुन्हा घट्ट लागते,
रात्री, चुकून हात पडला तर.

पण दार तसंच.
मग कळलं, जोर एक आणि निघणं एक.
माग कितीही धडधाकट असू दे,
खटका दाबणारा जागेवर नसला
तर धोटा काय आपणहून धावतो?

समोरच्या गड्डमांच्या शेडमध्ये चार माग चालतात.
त्या खडखडाटावर हे गल्लीत चांगले चालतात,
सायन्ना मामा ड्युटीवर निघाले,
पोरं म्हणतात.
त्या दुपारी लाईट गेली.
चारही माग एकदम गप्प,
आणि हे गल्लीच्या मधोमध
एक पाय पुढं ठेवून तसेच.
मागं दुधवाल्याची मोटरसायकल, हॉर्न.
कुणीतरी म्हटलं, धरा त्यांना, ओढा.
ओढायचं नसतं. ओढलं की पडतात.
माझ्या हातात कात्री होती, मांडीवर पानं मापायचा पत्रा.
पत्र्यावर कात्री वाजवली.
टक. टक.
मान वर झाली.
टक. टक.
डावा पाय सुटला.

मी दारातून वाजवत राहिले,
हे वाजण्यावरून येत राहिले,
जणू दोरीवरून.
चौकटीशी आले आणि थांबले.
मला वाटलं, झालं, आता इथंच.
पण तोंड हललं. मी कान जवळ नेला.
म्हणाले, घाई करतेस.
आमचा माग असा पळत नव्हता.

मी ठेका हळू केला.
उजवा पाय आत आला. मग डावा.
अल्फियाच्या वहीत ह्याला रकाना नाही,
मी पाहिलंय, नुसते सेकंद आणि मीटर.

पानं गल्लीत सांडली होती, गोळा केली.
वाऱ्यानं अर्धी नेली.
संध्याकाळी खुर्ची ओढली.
म्हणतात, आज नको.
मी म्हटलं, लाईट यायची आहे अजून,
तोवर काय करणार?
बावीस उठले. चार छाट.
उरलेले उद्याच्या कट्ट्यात.